काळ्या चिंधीची काठी

श्रावण उतरणीला लागला की आमच्या तळ्याला एक वास सुटतो. ओल्या घोंगडीचा, कुजलेल्या पाल्याचा, थोडासा शिळ्या मुळ्याच्या भाजीचा. नवख्याला तो लवकर कळत नाही. मला खाटेवर पडल्या पडल्या कळतो. पावसानं पंधरा दिवस ओढ दिलेली असते, आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन पाठीला चटका देणारं, मुगाच्या शेंगा काळ्या पडू लागलेल्या, आणि वाऱ्यावर तो वास. मग मी समजतो की पोळा आला. लोकांना पोळा घुंगरांनी आठवतो, झुलींनी, पुरणाच्या वासानं. मला पाण्याच्या वासानं आठवतो, आणि मान खाली जाते.

मी चौथी शिकलेला माणूस. पत्र लिहायचं तरी दोन दिवस मनात घोळवतो. पण आयुष्यात जे धरलं ते सोडलं नाही, हे गावात कोणालाही विचारा. बरंही धरलं, वाईटही धरलं. एक वाईट तर साठ वर्षं मुठीत धरून बसलो. ते आता उघडून दाखवतो.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली अक्षरं बोट लावलं तर बोटाला येतील अशी ताजी. मीही नवाच होतो म्हणा. मिशीला पीळ, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, आणि गोठ्यात चांद्या-भुऱ्याची जोडी. चांद्या तांबूस, कपाळावर चतकोर भाकरीएवढा पांढरा चांद. बीबी गावच्या बाजारातून मी त्याला पायी आणला होता. वाटेत माणसं थांबून विचारत, कोणाचा बैल? आणि मी मुद्दाम हळू चालायचो, म्हणजे अजून कोणी विचारावं.

तळं नथ्थू भोयाकडं होतं. त्यात तो मासे धरी आणि शिंगाड्याचा वेल लावी. वयानं माझ्या बापाच्या बरोबरीचा. बारीक, काळा, पण पाण्यात उभं राहून राहून पावलं पांढरी पडलेली. आपण आभाळाकडं पाहतो तसं तो पाण्याकडं पाहायचा. काठावर उकिडवा बसून, डोळे बारीक करून. त्याला काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा. आधी तो पाण्याला विचारून घेतो असं वाटायचं. हे आज म्हणतो मी. तेव्हा म्हणायचो, भोयी आळशी आहे, दिवसभर काठावर बसून राहतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी. दुपारी बैल तळ्यावर न्यायचे, धुवायचे, आणि दिवेलागणीला वर्षभर जू वाहिलेल्या त्यांच्या खांद्यांना लोणी-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं. शेकताना म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बैलाला असं मानानं जेवायला बोलावतात आमच्याकडं. माझी आई ते इतकं हळू म्हणायची की बैलाच्या कानालाच ऐकू जावं.

त्या वर्षी पाणी कमी होतं आणि हिरवं होतं. हिरवं म्हणजे शेवाळाचं नव्हे. दगडावरचं शेवाळ आपण ओळखतो, त्यावर पाय घसरतो. हे पाण्यावर आलेलं होतं. दुधावर साय धरावी तसं, पोपटी, आणि कडेला निळसर. कोणी डब्यातला रंग सांडून गेलं असं वाटे. वारा जिकडं वाहील तिकडं ती साय सरकायची आणि त्या काठाला जाड होऊन बसायची.

मी बैल घेऊन उतरलो तर नथ्थू टोपल्यात शिंगाड्याचे वेल भरून वर येत होता.

"नाना, या काठाले नका पाजू," तो म्हणाला. "वाऱ्यानं सारी साय इकडं लोटली हाये. पल्याड न्या, वडाकडं."

"काऊन?"

"ही साय वंगाळ हाये. माझ्या बापाच्या वक्ताले शेळ्या मेल्या होत्या हिच्यापायी."

मागं चार माणसं आपापले बैल घेऊन उभी होती. ती नसती तर मी वडाकडं गेलो असतो, हे मला आजही माहीत आहे. पण ती होती. मी म्हणालो, "तू मले पाणी शिकवून राह्यला काय बे? ढोरं आमची, तळं गावाचं. जा, शिंगाडे तोड!"

चौघं हसली. त्या हसण्यासाठी मी बापाच्या वयाच्या माणसाला 'बे' म्हणालो. आणि चांद्याला तिथंच पाण्यात घातला. वरून ओरडलो, "आना रे इकडं, उतार चांगला हाये!" माझा चुलतभाऊ तुळशीरामदादा आपली जोडी घेऊन माझ्या मागं उतरला. भुऱ्यानं पाण्याला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. मी त्याला शिवी दिली. त्या दिवशी त्या काठावर दोघं शहाणे होते, एक नथ्थू आणि एक भुऱ्या, आणि दोघांनाही मी शिव्या दिल्या.

दिवेलागणीला आई चांद्याच्या खांद्याला हळद लावत होती. "आज आवतन घ्या," ती म्हणाली आणि थांबली. तिच्या हाताखाली चांद्याचं कातडं थरथरत होतं, माशी उडवताना थरथरतं तसं, पण थांबेना. मग मागचे पाय लटपटले. तोंडातून लाळेची तार गळू लागली. तो आधी गुडघ्यांवर बसला, जसा दमून बसायचा तसाच, आणि मग आडवा झाला. उद्याचं जेवण चुलीवर चढायच्या आधीच गेला. तुळशीरामदादाचे दोन्ही गेले. खालच्या आळीतला एक गेला.

आता जे लिहितो ते माझ्या बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. ती गेली, तिला न कळताच गेली. चांद्याच्या जबड्याला वाळलेली हिरवी रेघ होती. ओठाच्या कडेपासून गळ्यापर्यंत. लोक यायच्या आत मी धोतराच्या सोग्यानं ती पुसली. थुंकी लावून पुसली. म्हणजे मला कळलं होतं. कोणी म्हणेल अडाणी होता, समजलं नसेल. समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, तोरण न बांधता सगळं गाव मारुतीच्या पारावर बसलं. तुळशीरामदादा डोकं धरून. त्याची बायको, पारूवहिनी, बायकांत उभी, तिचा पदर दातात. कोणीतरी विचारलं, "नाना, तू तं सगळ्यात पुढं होता. काय झालं बावा काठावर?"

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी खरं सांगितलं असतं तर चार बैल माझ्या नावावर आले असते. भोयानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे त्या तोंडांपुढं म्हणावं लागलं असतं. माझी जीभ माझ्या आधी बोलली. "नथ्थू टोपलं घेऊन फिरत होता. हिंगनबेट कुटून टाकलं त्यानं पाण्यात. म्या पाह्यलं."

हिंगणबेटाचं फळ कुटून टाकलं की मासे गुंगून वर येतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. खोटं कसं असावं तर असं, ऐकणाऱ्याच्या घरात आधीच त्याला बसायला जागा असावी.

"उचल बेलभंडारा," पंच म्हणाले.

महादेवाचा बेल आणि खंडोबाचा भंडारा ओंजळीत घेऊन बोललेलं खोटं निघालं तर बोलणाऱ्याचं घर बुडतं. मी उचलला. "माझ्या डोळ्यांनी पाह्यलं," म्हणालो. हात थरथरला नाही. त्याचीच लाज जास्त वाटते. चांद्या थरथरला, मी नाही.

मग पंच नथ्थूला म्हणाले, तूही उचल. तो पाराखाली चपला काढून उभा होता. वेळ लावून बोलला, नेहमीसारखाच. "दोघांनी उचलला तं देवाले एक घर बुडवाच लागन. या पोराच्या लग्नाले वर्स नाही झालं अजून. राहू द्या."

पारावर गलका झाला. "पाह्यलं? उचलत नाही! उचलनच कसा?" माझ्या घरासाठी त्यानं हात मागं घेतला आणि गावानं तीच त्याची कबुली मानली. सूर्य कलायच्या आत तो बायको आणि लेकराला घेऊन मेहकरच्या वाटेला लागला. खांद्यावर जाळं. कोणी मारलं नाही, कोणी अडवलं नाही. त्याचे शिंगाडे तळ्यात पिकले आणि तळ्यातच सडले.

चौथ्या दिवशी तालुक्याहून ढोरांचा डॉक्टर आला. तोवर वारा फिरला होता, पाणी त्या काठाला नितळ होतं. त्यानं ते पाहिलं आणि गेला.

घर माझं बुडलं नाही. मुलाला गोवर निघाला तेव्हा मी रात्रंदिवस त्याच्या छातीकडं पाहत बसलो, वाटलं आता भंडारा वसूल होणार. तो बरा झाला. घर वाढलं, माणसं वाढली, विहिरीला पाणी लागलं. दर वेळी काही चांगलं झालं की मी चोरासारखा इकडंतिकडं पाहत असे. मेहकरच्या स्टँडवर नथ्थूनं फुटाण्याची गाडी लावली होती, पुढं त्याचा मुलगा किसन तिथं बसायचा. मी बसमधून उतरलो की मागच्या बाजूनं वळसा घालून बाजारात जायचो. घरच्यांना सांगायचो, तिकडं चिखल असतो. भर उन्हाळ्यातही चिखल असतो म्हणायचो.

आणि काठी. नथ्थू गाव सोडून गेला त्याच्या पुढच्या वर्षी, याच दिवसांत, तळ्याच्या काठाला एक काठी रोवलेली दिसली. निरगुडीची, टोकाला काळी चिंधी. कोणी रोवली, कधी रोवली, पत्ता नाही. लोक म्हणाले, करणी आहे. भोयानं सूड घेतला. सगळ्यात आधी मीच म्हणालो ते. त्या काठाला कोणी ढोरं नेईना. काठी कधी देवळाच्या बाजूला, कधी बांधाजवळ. दर वर्षी. एका वर्षी तर मी हिंमत दाखवायला ती उपटून दूर फेकली. तिसऱ्या दिवशी दुसरी उभी. पुढं पुढं पोरं म्हणायची, चिंधी आली, पोळा आला. गेली काही वर्षं ती येत नाही. बैलही उरले नाहीत फार, ट्रॅक्टर झाले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझी नात मंजू लहान असताना ही सगळी गोष्ट मी तिला सांगायचो. म्हणजे माझी गोष्ट. दुष्ट नथ्थू, टोपलं, हिंगणबेट. ती एकच विचारायची, "आबा, पण कोणतं विष?" शेंबडं पोर, गोष्टीत बैल मेल्यावर रडायचं सोडून हे विचारायची. तेच विचारत विचारत ती शिकली, आणि आता तिकडं कोकणात समुद्राच्या काठाला नोकरी करते. खाडीचं पाणी तपासायची.

"समुद्राचं काय तपासतं माय?" मी एकदा विचारलं.

ती म्हणाली, "पाण्यात डोळ्याले न दिसणारं शेवाळ तरंगते आबा. त्यातलं काही विषारी. ते कालवं खातात, कालवं माणसं खातात आणि आजारी पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली चांगलं न् विषारी कधी कधी अगदी सारखं दिसते. पण विष बनवायची रीत त्याच्या अंगातच लिहिलेली असते, जनुकात. आम्ही बाटलीभर पाण्यात ती लिहिलेली रीत शोधतो. पाण्याचा रंग बदलायच्या आधीच सापडते."

मला दुधी भोपळा आठवला. कडू अन् गोड वेलावर सारखेच दिसतात. बायका देठाकडची चकती कापून जिभेला लावतात. "म्हणजे न चाखता कडू वळखता तुम्ही," मी म्हणालो. ती इतकी हसली, म्हणाली हे मी आमच्या साहेबाला सांगते.

या उन्हाळ्यात पाणी हटलं तेव्हा मंजू आली आणि तळ्याच्या मधोमध एक नळी ठोकून गाळ काढून घेऊन गेली. उसाच्या कांडीसारखा लांब गाळ. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. शेवाळ मरून तळाशी बसतं म्हणे, आणि त्याची लिहिलेली रीत थोडी थोडी गाळात उरते. मी काठावर बसून पाहत होतो. ऊन मी म्हणत होतं आणि मला हुडहुडी भरली होती. वाटलं, पोरीच्या हातातून नळी घ्यावी आणि फेकून द्यावी. साठ वर्षांचा गाळ कोणी उपसत नाही. आपलीच नात उपसत होती, आपण सांगितलेली गोष्ट खरी धरून.

पोळ्याला चार दिवस होते तेव्हा ती उत्तर घेऊन आली. ओसरीवर बसलो दोघं. ती म्हणाली, "आबा, वरच्या थरातही आहे आणि खाली जुन्यातही आहे. विष करणाऱ्या शेवाळाची रीत. तुमच्या तळ्यात ते पहिल्यापासून आहे. मले वाटते, बैल त्यानंच गेले असतील. हिंगणबेटानं मासे गुंगतात, बैल नाही मरत असे पटापट."

मग माझ्यातला जुना हेकट माणूस म्हणाला, "शपथेवर सांगतं?"

"नाही," ती म्हणाली. "शपथेवर कसं सांगू? गाळात रीत सापडली, म्हणजे विष करणारं होतं इतकं कळते. त्या दिवशी, त्या काठाले, त्यानं विष केलंच हे मी पाह्यलं नाही ना."

इतकं शिकलेली, इतकी यंत्रं हाताशी, आणि पोरगी म्हणते मी पाहिलं नाही, शपथ घेणार नाही. मी चौथी पास, ओंजळ भरून शपथ घेतली होती की पाहिलं.

ती बोलतच होती. खाडीचं पाणी वाईट निघालं की काय करतात ते सांगत होती. काठाला बांबू रोवतात, त्याला लाल फडकं लावतात, इथली कालवं काढू नका म्हणून. जिथलं पाणी वाईट तिथंच. जागा बदलते, तसा बांबू बदलतो.

"आपल्याकडंही काठी असायची ना आबा? करणीची? ती एकाच जागी असायची?"

"नाही," मी म्हणालो. "जिकडं साय लोटन तिक..."

समोर अंगणात कोंबडी माती उकरत होती. मी तिच्याकडं पाहत राहिलो. मंजूनं माझा हात धरला, म्हणाली, "आबा, काय झालं?" आणि मी तिला सांगितलं. हिरवी रेघ, धोतराचा सोगा, बेलभंडारा, सगळं. तिनं हात सोडला नाही, पण बोटं सैल झाली. तेवढं कळतं माणसाला.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरला गेलो. स्टँडवर उतरलो आणि वळसा न घालता सरळ गेलो. चिखल नव्हता. गाडीवर किसनचा मुलगा फुटाणे भाजत होता. किसन बाजूला खुर्चीवर, गुडघ्यांना फडकी बांधून. आता तोही म्हातारा. बापासारखेच बारीक डोळे.

"वळखलं का?" मी म्हणालो.

"हाव. नाना ना तुम्ही. लई वर्सं मांगून जात होते, आज पुढून कसे आले?"

म्हणजे दिसत होतं त्यांना. इतकी वर्षं.

"म्या खोटं बोललो होतो, किसन. तुह्या बापानं काही टाकलं नव्हतं."

"माहीत हाये. मले काय सांगता? बाप माझा होता."

"ते काठी..."

"बाबा रोवे. इथून पायी जाये, अंधार असतानीच, कोनी पाहू नये म्हून. आई भांडे त्याच्यासंगं. म्हने, त्याईनं हाकललं अन् तुम्ही त्याईच्याच ढोराईसाठी मरता. बाबा म्हने, ढोराईनं कुठी भंडारा उचलला होता?" किसन गुडघा चोळत राहिला. "तो गेल्यावर म्या रोवली. आता गुडघे चालत नाहीत."

त्यानं मला बसायला सांगितलं नाही. त्याच्या मुलानं पुड्यात फुटाणे भरून पुढं केले, गिऱ्हाईक समजून. किसननं त्याला डोळ्यानं थांबवलं नाही, इतकंच.

"इतके वर्सं काऊन नाही आले, नाना?"

"लाज वाटे."

"अन् आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "यंदा साय आली काय तळ्यावर?"

"आली."

"काठी कोनं रोवली?"

"कोनी नाही."

"मंग इथं काऊन उभे हा? जा ना. परवा खांदशेकणी हाये."

काल खांदशेकणी होती. गावात आता सात जोड्या उरल्यात. ते बैल तळ्यावर यायच्या आधी मी निरगुडीची काठी तोडून नेली. मंजूला आणि मला दोघांनाही वारा कळतो. साय बांधाच्या कोपऱ्यात साचली होती. चिंधी काळी मिळेना, तर माझ्या जुन्या छत्रीचं कापड फाडलं. काठी रोवताना गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. सात जोड्यांवाले येऊन थांबले. "नाना, हे काय? पुन्हा करनी?" एकजण हसला. त्याच्या हसण्यात मला साठ वर्षांपूर्वीचं हसू ऐकू आलं.

मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, ऐकू कमी येणाऱ्यालाही ऐकू जावं इतकं. नथ्थू भोयाचं नाव तीनदा घेतलं. काही पोरांना कळेचना कोण नथ्थू. ती मोबाइलमध्ये पाहत उभी राहिली.

पारूवहिनी बांधावर बसली होती. नव्वदीला टेकली तरी खांदशेकणीला येते, गोठ्यात बैल नाही तरी येते. त्या वर्षी जोडी गेल्यावर तुळशीरामदादा दुसऱ्याच्या वखरामागं गेला आणि मरेपर्यंत दुसऱ्याच्याच वखरामागं चालला. पुन्हा स्वतःचा बैल नाही झाला त्या घरात. तिनं सगळं ऐकलं. हातातल्या काठीच्या आधारानं उठली आणि पाण्याच्या कडेला आली.

"नाना," ती म्हणाली, "साठ वर्सं म्या त्या भोयाले शिव्या देल्या. रोज चूल पेटवताना देल्या. त्याच्या लेकराबाळाईले देल्या. त्या आता कुठी ठेवू मी?"

मी चिखलात उभा होतो. वर यायला कोणी हात दिला नव्हता आणि मी मागितलाही नव्हता.

"मले द्या, वहिनी," मी म्हणालो.

आणि तिनं दिल्या. एकही राखून ठेवली नाही. बैल पल्याडच्या अंगाला, वडाकडं, नितळ पाणी पीत होते, आणि मी काठी धरून मान खाली घालून ऐकत राहिलो.